चार पानं मागे

इंगळे डॉक्टरांच्या शोकसभेत मी पेटी वाजवली. ते असते तर त्यांनी वाजवू दिली नसती. अकोल्यात एका शाळेच्या सभागृहात सभा होती. आयोजकांनी आग्रह केला आणि मला नाही म्हणता येत नाही, म्हणून फोटोसमोर बसून मी भैरवी वाजवली. संपल्यावर मागच्या रांगेतल्या कोणीतरी सवयीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवल्या. अमरावतीला परत येताना बसमध्ये सारखं वाटत होतं, की माणूस गेल्यागेल्या आपण त्याच्या मनाविरुद्ध वागलो. ते ओझं थोडं हलकं व्हावं म्हणून हे लिहितो आहे.

डॉक्टर म्हणजे ढोरांचे डॉक्टर. घर अकोल्यात, नोकरी अकोटला, सरकारी दवाखान्यात. आणि उरलेल्या वेळात ते संगीत नाटकं बसवायचे. त्यांना स्वतःला गाता येत नसे. राग एकही ओळखू यायचा नाही. रूपक आणि झपताल यांत काय फरक आहे हे मी एकदा समजावून सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "तुमाले माहीत आहे ना? मंग झालं."

मी अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. पेटी लहानपणापासून वाजवतो. साथीला चांगला म्हणून माझं नाव होतं, आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे. गाणाऱ्याचा सूर घसरला की मी खालून भरून काढतो. दम कमी पडला की दोन स्वर जास्त वाजवतो. ऐकणाऱ्याला कळत नाही, गाणारा खूष असतो. डॉक्टरांनी पहिल्याच तालमीत हे पकडलं. "पाठक सर," ते म्हणाले, "तुमी भला माणूस आहे. पेटी बंद ठेवा."

तालमी शनिवार-रविवारी अकोल्यात व्हायच्या. तालमीत ते रंगमंचाकडे पाठ करून बसत. खुर्ची भिंतीकडे वळवलेली, हात मांडीवर, समोर चुन्याची भिंत. काम चांगलं झालं तर म्हणायचे, "ऐकू आलं." यापलीकडे त्यांची स्तुती नव्हती. वाईट झालं तर म्हणायचे, "दिसून राह्यलं." भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस "दिसून राह्यलं" म्हणाला की नटाला आपण कपडे न घालता आल्यासारखं वाटायचं.

मध्येच त्यांचा फोन वाजायचा. "जयभीम. बोला. गाय का म्हैस?" मग जनावराला काय करायचं ते समोरच्याला सांगायचे आणि फोन ठेवून त्याच आवाजात नटाला काय करायचं ते सांगायचे. कधी दोन्ही एकमेकांत मिसळायचं. गावंडे सर म्हणून निवृत्त मुख्याध्यापक आमच्याकडे बापाचं काम करत. त्यांना एकदा डॉक्टर म्हणाले, "कोमट पानी घ्या अन् चालत राहा, बसू नका." सरांनी तसं केलं. प्रवेश सुधारला. सूचना हिवरखेडच्या गोऱ्ह्यासाठी होती हे आम्हाला नंतर कळलं, पण डॉक्टरांनी ती बदलली नाही.

नाटकाचं नाव होतं 'संगीत चूप'. त्यांनीच लिहिलं होतं. लग्नावरून बापाशी बोलणं टाकलेली मुलगी त्याच्या शेवटच्या आजारात घरी येते. दोन अंक ती एक शब्द बोलत नाही. बाप एकटा बोलत राहतो, तुरीबद्दल, शेजाऱ्याबद्दल, गुडघ्याबद्दल, आणि पुन्हा पुन्हा विचारतो, "मी गेल्यावर म्हैस कोन नेईन?" ती गप्प. बाप मरतो. त्यानंतर ती उत्तर देते: "म्हैस मी नेतो, बाबा, तुमी झोपा." हे उत्तर म्हणजे गाणं. नाटकात तेवढंच एक पद.

"संगीत नाटकात एकच पद?" मी विचारलं.

"तिच्यावर गायची पाळी एकदाच आली," डॉक्टर म्हणाले. "मी काय करू?"

नंतर चहा पिताना त्यांनी आपणहून सांगितलं. "सर, मानूस गातो कवा? बोलायची वेळ निघून गेल्यावर. वेळ असंन तर बोलून मोकळा होते ना तो. गाईन कायले?"

आता मला हे सोपं वाटतं. तेव्हा मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, की माणूस चांगला आहे पण त्याला या विषयातलं काही कळत नाही.

मुलीच्या कामासाठी अकोल्यातल्या तीन-चार गायिका आल्या. एका गाण्याच्या शिक्षिकेनं तानपुरा आणला होता. तिनं लांबलचक बंदिश म्हटली. डॉक्टर भिंतीकडे पाहत बसले होते. म्हणाले, "आता पानी मागा."

"अं?"

"पानी. प्यायचं."

"कृपया थोडं पाणी मिळेल का?"

"तुमाले तहान नाही लागली," डॉक्टर म्हणाले. बाई तानपुरा घेऊन निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आलो. पेटी बंद असल्यामुळे माझ्याकडे वेळ होता, आणि डॉक्टरांच्या वतीनं माफी मागणं हे काम हळूहळू माझ्याकडेच आलं.

मंगला राऊत मिळाली ती मुहूर्ताच्या दिवशी. अकोटच्या बाजारात तिचं फुलांचं दुकान. घरची शेवंती, घरचा झेंडू. चाळिशीची बाई. डॉक्टरांच्या ओळखीनं पूजेचे हार घेऊन आली होती. तिनं टोपली खुर्चीवर ठेवली आणि गावंडे सर नेमके टोपलीवर बसले.

"ओ सर! उठा! अवो, शेवंती हाये थे! गादी नाही! उठा म्हनतो ना मी!"

सर उठेपर्यंत तिचा आवाज चढत गेला आणि शेवटचं "मी" वर जाऊन फाटलं, आणि फाटूनही तिथेच टिकून राहिलं. डॉक्टर खुर्चीसकट वळले.

"बाई, हे पुन्हा म्हनता येईन का?"

"काहून? तुमी पन बसता का फुलावर?"

"नाही."

"मंग कायले म्हनू?"

डॉक्टर आमच्याकडे बघून म्हणाले, "ऐकू आलं?" मंगलाताईचं काम त्या दिवशी पक्कं झालं. हारांऐवजी पूजेला सुटी फुलं वाहिली.

पेटीचं काय करायचं हा प्रश्न मात्र राहिला होता, कारण मी दर तालमीला पेटी घेऊन येत होतो आणि ती बंद ठेवून बसत होतो. एक दिवस डॉक्टर माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले. "सर, सूर नका दाबू. नुसता भाता हलवा." मी हलवला. जुनी पेटी, आतून वारा गळतो; सुस्कारल्यासारखा आवाज आला. डॉक्टरांनी गावंडे सरांना खाटेवर झोपायला सांगितलं. "हा यांचा श्वास. सर बोलतील तवा तुमी घ्या. तुमी थांबले का सर मेले."

अशा रीतीनं तीस वर्षांच्या रियाजानंतर माझ्याकडे एका माणसाचा श्वास आला. मी मंचाच्या कडेला बसून तो घ्यायचो, सोडायचो आणि ठरल्या जागी थांबवायचो. म्हणजे प्रत्येक तालमीत गावंडे सरांना मी मारायचो. ते मनाला लागायचं. एकदा त्यांना खरोखरच खोकला झाला होता, तर माझ्याच्यानं भाता थांबेना. सर डोळे मिटून वाट बघत राहिले.

"पाठक सर," भिंतीकडून आवाज आला, "सोडा त्याले."

मला वाटायचं, या नाटकाला कोणी येणार नाही. पण अकोल्याच्या पहिल्या प्रयोगाला लोक आले. एका संस्थेची स्पर्धा होती, प्राथमिक फेरी. सर बोलले, सर मेले, आणि मंगलाताईनं ते पद म्हटलं. कुठली साथ नाही. आवाज जिथे फाटायचा तिथे फाटला. ती थांबली आणि मागून कोणीतरी ओरडलं, "वन्समोअर!" मग चहूकडून.

संगीत नाटकात ही जुनी चाल आहे. लोकांनी मागितलं की नटानं पद पुन्हा म्हणायचं. बाकी पात्रं तोवर जागच्या जागी उभी. पण डॉक्टरांचा याबाबत नियम होता आणि तो त्यांनी तालमीत सांगून ठेवला होता. "गाय हंबरली तं मी तिले 'पुन्हा हंबर' म्हनतो का? कुठं दुखलं ते पाहतो. वन्समोअर आला, तं चार पानं मांगं जायचं. तिथून घ्यायचं. तिथून पुन्हा गान्यापर्यंत आलो, तं गाऊ."

चार पानं मागे म्हणजे बाप जिवंत.

तेव्हा गावंडे सरांनी तोंडावरची चादर काढली, उठून बसले, चष्मा लावला आणि तुरीबद्दल बोलू लागले. लोक हसले. चांगलेच हसले. मी भाता हलवायला लागलो. हळूहळू हसणं थांबलं. सर दुसऱ्यांदा गेले तेव्हा सभागृहात चांगली शांतता होती. मंगलाताई गायली आणि पुन्हा वन्समोअर आला. तिसऱ्यांदा मरण्यापूर्वी सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, हे मी पाहिलं.

प्रयोगानंतर सरांची बायको भेटायला आली. "डॉक्टर, एका दिवसात तीनदा गेले हे. माह्यानं पाहवत नाही."

"कितव्या वेळी रडल्या तुमी?"

"तिसऱ्या."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. ते त्यांना उत्तर वाटलं असावं. मी काकूंची माफी मागितली.

पुण्याहून आलेले एक परीक्षकही भेटले. भले गृहस्थ होते. एक दुरुस्ती सुचवतो, म्हणाले. नायिका स्त्री आहे; पदात "म्हैस मी नेतो" आहे, ते "नेते" हवं.

"आमच्या इकडं बाई 'नेतो'च म्हनते," डॉक्टर म्हणाले. "नेते मुंबईत राह्यतात. त्यांनी म्हैस नेली तं परत येत नाही."

परीक्षकांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. आम्ही अंतिम फेरीत गेलो. ती अमरावतीला होती.

भांडण झालं ते यानंतर. सगळे खूष होते, मंगलाताई नव्हती. तालमीला आली आणि उभ्यानंच म्हणाली, "डॉक्टर, वन्समोअर माह्या गान्याले भेटला अन् लोक सराच्या उठन्याले हसले. हा कोनता न्याय?"

"भेटाले नको होता," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"गानं लागलं असतं तं कोनी वन्समोअर म्हनलंच नसतं. चूप बसले असते. मले एकदा तसं पाह्यजे. मंग मी मोकळा."

आम्हाला वाटत होतं, नियम वन्समोअरचा आहे. तो वन्समोअर नको म्हणून होता, हे तेव्हा कळलं. बावीस-तेवीस वर्षं हा माणूस नाटकं बसवत होता आणि गाण्यानंतर कोणी काही बोलू नये एवढ्यासाठी थांबला होता.

मंगलाताई खाटेवर बसली. "मी लहान होती तवा, नाटकाच्या मांडवाभायेर गजरे विकत बसो. आत जायले पैसे कुठचे. गानं भायेर ऐकू नसे येत. भोंगा आतमंदी. पन वन्समोअर ऐकू ये. सारा मांडव म्हने. मी म्हनो, असं काय केलं असंन बाप्पा त्या बाईनं." तिनं पदर सारखा केला. "थे मले पाह्यजे. चार पानं मांगं जाऊन नाही. सरळ."

गावंडे सरांनी, मला वाटतं, तिच्या बाजूनं बोलायला तोंड उघडलं होतं.

"शेवटचं 'झोपा' वर नेऊ नको," डॉक्टर भिंतीकडे वळत म्हणाले. "खालीच सोड. बोलल्यासारखं. वर नेलं का लोकाले ओरडाची जागा भेटते."

"म्हनजे माह्या वन्समोअरचं दार तुमी आतून लावून राह्यले."

"हो."

ती त्यांच्या पाठीकडे बघत उठली. मग म्हणाली, "घ्या. भाता घ्या, सर." आणि तिनं "झोपा" खाली सोडलं. पहिल्या वेळी नीट झालं नाही. दुसऱ्या वेळी भिंतीकडून आवाज आला, "ऐकू आलं." तिनं त्यानंतर ते कधीच वर नेलं नाही. तिला ते नेता येत होतं, नेलं असतं तर तिला हवं ते मिळणार होतं, आणि तरी नेलं नाही. हे मला आजही पूर्ण समजलेलं नाही.

अमरावतीचा प्रयोग दुपारचा होता. वेळेची मर्यादा होती. तिच्यापलीकडे गेलं तर नाटक बाद. आम्ही जेमतेम बसत होतो. संयोजकांनी मला दोनदा बजावलं आणि मी दोनदा, आधीच, माफी मागितली. प्रयोगाला डॉक्टर विंगेत उभे राहायचे, तिथेही पाठ करूनच, पडद्याच्या दोऱ्यांकडे तोंड. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो.

सर बोलले. मी भाता थांबवला. मंगलाताईनं चादर ओढली, त्यांच्या पायाशी बसली, आणि म्हणाली. म्हणाली की गायली हे त्या दिवशी मला सांगता आलं नसतं. "तुमी झोपा" तिनं खाली ठेवलं, झोपलेल्या माणसाशेजारी तांब्या ठेवतात तसं.

आणि कोणी काही बोललं नाही.

खोकलं नाही, टाळी नाही, खुर्ची नाही. पंख्यांचा आवाज येत होता तेवढाच. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांची पाठ तशीच होती, पण खांदे खाली आले होते, एखाद्यानं डोक्यावरून पोतं उतरवून घ्यावं तसे. मग मी मंगलाताईकडे पाहिलं. पद झालं की क्षणभर थांबून ती उठून आत येते, असं बसवलेलं होतं. ती उठली नाही. ती लोकांकडे बघत होती. दुकानासमोर थांबलेलं गिऱ्हाईक फुलांना हात न लावता पुढे गेलं की तिचा चेहरा तसा व्हायचा. मी बाजारात पाहिला होता.

तेवढ्यात डॉक्टर वळले. प्रयोग चालू असताना ते मंचाकडे वळलेले मी प्रथमच पाहत होतो. त्यांनी तिला पाहिलं. बराच वेळ पाहिलं असेल, किंवा मला तसं वाटलं. मग बसमध्ये अकोटचं तिकीट मागावं तितक्या साध्या आवाजात ते म्हणाले, "वन्समोअर."

विंगेतून आलेला आवाज पहिल्या काही रांगांना ऐकू गेला. मंगलाताईला गेला. गावंडे सरांनाही गेला. सर चादरीखाली निश्चल होते. नियम त्यांना पाठ होता. वन्समोअर कोणी द्यायचा याबद्दल त्यात काही नव्हतं. चादर हलली. सरांनी उठून चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. मग भाता हलवायला लागलो.

दुसऱ्यांदा मंगलाताई वाईट गायली. बाप मेलेला आणि ही गालात हसत गात होती. शेवटचं "झोपा" तिनं वर नेलं, जितकं वर नेता येईल तितकं, आणि फाटू दिलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वन्समोअरही आला, सगळ्या सभागृहातून. डॉक्टर अजून तिच्याकडेच बघत होते.

"दिसून राह्यलं," ते म्हणाले. पण पाठ फिरवली नाही.

नाटक बाद झालं. सामानाच्या टेम्पोत आम्ही सगळे मागे बसलो होतो. गावंडे सर खाटेवर, कारण खाट रिकामीच होती. बडनेरा गेल्यावर मंगलाताई म्हणाली, "डॉक्टर, तुमाले पाह्यजे होतं थे भेटलं होतं ना?"

"भेटलं होतं."

"मंग मोडलं काहून?"

डॉक्टर रस्त्याकडे बघत होते. "तुह्यं तोंड दिसलं," ते म्हणाले. "मी उगाच वळलो."

"आता?"

"आता काही नाही. जो वळते, त्यानं नाटक बसवू नये."

आम्हाला तो विनोद वाटला. तो नव्हता. त्यांनी पुढच्या वर्षी नाटक घेतलं नाही. फोन केला की "जयभीम, बोला" म्हणायचे, जनावराचं असेल तर सांगायचे, नाटकाचं असेल तर ऐकून घ्यायचे. शेवटी सगळ्यांनी मिळून मला अकोटला पाठवलं. गावंडे सर म्हणाले, "सांगा त्यायले, मी आनखी दोन-चार वर्षं मरू शकतो." मंगलाताईनं वेगळाच निरोप दिला. ती म्हणाली, "म्हना, पाठ करून बसा नाहीतं तोंड करून. आमी करतो."

दवाखान्यात कळलं, डॉक्टर हिवरखेड रस्त्याला एका वाडीवर गेले आहेत. मी तिथे पोचलो. गोठ्यात गाय आडवी होती, अडलेली. डॉक्टर गुडघ्यांवर, शर्ट काढलेला, हात कोपराच्या वर आत. गाईच्या डोक्याशी घरची तरुण सून बसली होती आणि तिच्या कानाजवळ काहीतरी बोलत होती. मला आधी वाटलं बोलते आहे. "अवो माय, अवो माय, होते, होते, जराशीक राह्यली, अवो माय." मग लक्षात आलं, की ती मघापासून तेच म्हणते आहे, आणि त्याला चाल लागली आहे.

मी तोंड उघडलं. डॉक्टरांनी न वळता दुसरा हात वर केला. निरोप डोक्यात नीट लावून आणले होते, पहिला गावंडे सरांचा, मग मंगलाताईचा, मग माझा. मलाही एक सांगायचं होतं.

वासरू आलं. डॉक्टरांनी त्याचं नाक पुसलं, गवतानं अंग चोळलं, ते हललं. सून गप्प झाली होती. डॉक्टर तसेच गुडघ्यांवर बसून थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"थांबली काहून, बाई?" त्यांनी विचारलं. "म्हन ना."

सुनेला प्रश्न कळला नाही. तिनं वासराकडे पाहिलं, गाईकडे पाहिलं.

"आता कायले?" ती म्हणाली. "झालं ना."

"हो," डॉक्टर म्हणाले, आणि बादलीत हात धुवायला लागले.